भाचीला नवीन लायसन्स आणि लगेच ‘हयगयीने व निष्काळजीपणे’ गाडी चालवल्याचा गुन्हा, नाशिककरांनो पुढे काय करायचं?

मखमलाबादकर | रविवार, रात्री ११:०५

नमस्कार मंडळी. एरवी मी इथे वाचतेच जास्त, लिहीत नाही, पण आज डोकं चालेनासं झालंय म्हणून लिहितेय, जरा लांबेल, सांभाळून घ्या.

माझ्या बहिणीची मुलगी, वय १९, बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला. पेठ रोडच्या आरटीओत टेस्ट देऊन पक्कं लायसन्स मिळालं ते यंदाच. गुरुवारी संध्याकाळी साडेसातच्या सुमाराला गंगापूर रोडने घरी येत होती, गाडी तिच्या वडिलांच्या नावावर, शेजारी तिची आई बसलेली. जेहान सर्कल सोडून आनंदवल्लीकडे जाताना डिव्हायडरला एक गॅप आहे, तिथून तिला उजवीकडे कॉलनीत वळायचं होतं. इंडिकेटर दिला, थांबली, समोरून येणारी वाहनं जाऊ दिली आणि मग पहिल्या गिअरमध्ये गाडी काढली. पलीकडच्या रोडवर गाडी अर्धीच आली असेल तर उजव्या बाजूने धाडकन आवाज, दुचाकीवाला पडलेला. हेल्मेट नव्हतं पण नशिबाने डोक्याला लागलं नाही, कॉलरबोन मोडलंय. बहिणीनेच रिक्षा थांबवून त्याला दवाखान्यात नेलं, भाची गाडीपाशी थांबली.

तिथे पाच मिनिटात पन्नास माणसं. मागच्या काचेवर लाल ‘एल’चं स्टिकर अजून तसंच होतं, झालं, ‘शिकाऊ पोरीच्या हातात गाडी दिलीच कशी’ असा सगळा गलका, दोघं-तिघं मोबाईलवर शूटिंग करतायत, एकाने चावी काढून घेतली. कोणी एक शब्द विचारला नाही की बाई काय झालं. पोलीस आले, गाडी ठाण्यात नेली.

दुसऱ्या दिवशी त्या मुलाची फिर्याद. एफआयआरमध्ये लिहिलंय की तो ‘त्याच्या बाजूने सरळ जात असताना’ कारचालक महिलेने ‘तिच्या ताब्यातील कार भरधाव वेगात, रहदारीच्या नियमांकडे दुर्लक्ष करून, हयगयीने व निष्काळजीपणे चालवून’ धडक दिली. कलमं लावलीत भारतीय न्याय संहिता २८१, १२५ (अ), १२५ (ब) आणि मोटार वाहन कायदा १८४. भाचीला नोटीस आलीय, मंगळवारी ठाण्यात हजर राहायचं.

पोरगी गुरुवारपासून नीट जेवलेली नाही. नातेवाईक रोज फोन करून वेगवेगळं सांगतायत. अटक होते का? वकील लागतोच का? तिच्या पुढच्या शिक्षणाचं, पासपोर्टचं काय? माहीतगार असेल त्याने कृपया सांगा.

पंचवटी_काका | रविवार, रात्री ११:३२

ताई घाबरू नका. आमच्याकडे असं झालं की सरळ वडिलांचं नाव लावतात, गाडी ते चालवत होते म्हणायचं. त्यांना इतक्या वर्षांचा अनुभव, लायसन्स जुनं, पोरीचं करिअर वाचतं. ठाण्यात बोलून बघा.

काळा_कोट | रविवार, रात्री ११:५०

काका, माफ करा पण हा सल्ला कोणी चुकूनही घेऊ नका. पन्नास लोकांनी मुलीला पाहिलंय, व्हिडिओ आहेत, जखमी माणसाने ‘महिला’ लिहून दिलंय. त्यात वडील उभे केले तर आज जे एक अपघाताचं प्रकरण आहे त्यात खोटी माहिती दिल्याचा वेगळा गुन्हा येऊन बसतो, तोही बापलेक दोघांवर. वर विमा कंपनी म्हणणार की चालक कोण तेच तुम्ही खोटं सांगितलं, आम्ही जबाबदार नाही. मग त्या मुलाच्या हाडाचे पैसे घरातून भरा. आत्ता मुलीची बाजू जेवढी स्वच्छ आहे तेवढी ती राहू द्या.

मी इथे जिल्हा कोर्टातच प्रॅक्टिस करते, सकाळी सविस्तर लिहिते. मखमलाबादकर ताई, दोन गोष्टी सांगा. एक, मुलीचं लायसन्स अपघाताच्या दिवशी पक्कं होतं ना, लर्निंग नाही? आणि दुसरं, गाडीला नेमकं कुठे लागलंय? फोटो असतील तर बघून सांगा.

मखमलाबादकर | सोमवार, सकाळी ७:१०

हो हो, पक्कं लायसन्स, कार्ड घरात आहे. ते स्टिकर काढायचं राहून गेलं होतं एवढंच. गाडीचं म्हणाल तर उजव्या बाजूचा फेंडर आत गेलाय, उजवा हेडलाइट फुटला आणि ड्रायव्हरच्या दाराला पुढच्या कडेने लांब ओरखडा आहे. डावीकडे काहीच नाही. बहिणीने फोटो काढलेत तीन-चार, एकात रस्त्यावर पडलेल्या हेडलाइटच्या काचा पण दिसतायत.

क्लच_ब्रेक | सोमवार, सकाळी ८:०२

थांबा थांबा, हे नीट वाचा सगळ्यांनी. मी बरीच वर्षं ड्रायव्हिंग स्कूल चालवतोय, हजारो पोरं शिकवली, ही गॅप पण माहितीये.

ती जेहानकडून आनंदवल्लीकडे चाललेली, उजवीकडे वळली. म्हणजे पलीकडच्या पट्ट्यात शिरताना त्या पट्ट्यातली वाहनं तिच्या डावीकडून यायला पाहिजेत, आनंदवल्लीकडून शहराकडे येणारी. तो मुलगा म्हणतो मी माझ्या बाजूने सरळ चाललो होतो. तसं असतं तर मार डाव्या फेंडरला नाहीतर डाव्या दाराला बसला असता. मार बसलाय उजवीकडे. उजवीकडून त्या पट्ट्यात येणारा माणूस एकच, राँग साइडने येणारा. जेहानकडून निघाला असणार, पुढचा कट लांब पडतो म्हणून पलीकडच्या पट्ट्यात डिव्हायडरला घासून उलटा चालला असणार. नाशकात रोज हेच चालतं, गंगापूर रोड असो, हायवेचे सर्व्हिस रोड असो नाहीतर इंदिरानगरचा बोगदा.

ओरखडा कुठल्या दिशेने गेलाय तेही बघून ठेवा. आणि ताई, त्या काचा नेमक्या कुठे पडल्यात ते महत्त्वाचं, काच फुटते तिथेच सांडते, त्यावरून टक्कर कुठल्या जागी झाली ते कळतं. घटनास्थळ पंचनाम्यात नकाशा काढतात त्यात ते आलंय का बघायला सांगा वकिलांना.

गंगापूररोडवासी | सोमवार, सकाळी ८:४०

त्या गॅपसमोर मेडिकल आहे आणि शेजारी एक स्वीटचं दुकान, दोघांचे कॅमेरे रस्त्याकडे तोंड करून आहेत, मी रोज दूध आणायला तिथेच जातो. पण आजच्या आज हालचाल करा. दुकानांचे डीव्हीआर ठरावीक दिवसांनी जुनं पुसून वर नवीन रेकॉर्ड करतात, कोणाचे आठवड्यात कोणाचे पंधरा दिवसात. गुरुवारचं रेकॉर्डिंग गेलं की गेलं.

काळा_कोट | सोमवार, सकाळी ९:१५

क्लच_ब्रेक दादांनी माझं अर्धं काम केलं. आता शांतपणे ऐका ताई.

अटकेचं आधी. तुम्ही लिहिलेली सगळी कलमं जामीनपात्र आहेत. २८१ म्हणजे रस्त्यावर हयगयीने गाडी चालवणं, त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. १२५ (अ) साधी दुखापत, सहा महिने किंवा पाच हजारांपर्यंत दंड. १२५ (ब) गंभीर दुखापत, तीन वर्षांपर्यंत किंवा दहा हजारांपर्यंत दंड. हाड मोडलं की कायद्याने ती गंभीर दुखापत, म्हणून (ब) लागलंय, पोलिसांनी मुद्दाम काही वाढवलेलं नाही. मंगळवारची नोटीस बहुतेक भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (जुन्या सीआरपीसीच्या जागी आलेला कायदा) कलम ३५ (३) ची असेल. त्या नोटीसप्रमाणे माणूस हजर राहिला तर कारण लिहून नोंदवल्याशिवाय अटक करत नाहीत. सुप्रीम कोर्टाने २०१४ सालीच अर्नेश कुमारच्या निकालात सांगितलंय की सात वर्षांपर्यंत शिक्षा असलेल्या गुन्ह्यात उगाच अटक करायची नाही. आणि बाईला सूर्यास्तानंतर अपवादात्मक कारण असल्याशिवाय अटक करता येत नाही, म्हणून रात्रीअपरात्री कोणी ‘उचलून नेतील’ म्हणत असेल तर त्याचं ऐकू नका. दिवसा जा, आई किंवा तुम्ही सोबत, वकील असला तर उत्तम.

वकील परवडण्याचा प्रश्न असेल तर जिल्हा कोर्टात विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस आहे. बाईला तिथे मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही. १९८७ च्या कायद्यातच आहे ते, मेहेरबानी नाही.

आता कॅमेरा. आज दुपारच्या आत साध्या कागदावर अर्ज करा, तपासी अंमलदारांच्या नावाने. ‘अमुक तारखेला अमुक वेळेचं समोरच्या दोन दुकानांचं सीसीटीव्ही चित्रीकरण ताब्यात घ्यावं, ते पुसलं जाण्याची शक्यता आहे’ एवढंच. दोन प्रती न्यायच्या, एक त्यांना द्यायची, आपल्या प्रतीवर आवक शिक्का आणि तारीख घ्यायची. नुसतं तोंडी सांगून येऊ नका. दुकानदाराकडून तुम्ही स्वतः पेन ड्राइव्हवर कॉपी घेतली तरी चालेल, पण कोर्टात चालवायला नव्या साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं सर्टिफिकेट, म्हणजे रेकॉर्डिंग कुठल्या यंत्रातून कसं काढलं ते लिहून दिलेलं, लागतं, म्हणून पोलिसांनी रीतसर पंचांसमोर जप्त केलेलं कधीही भारी.

‘भरधाव’ शब्दाला घाबरू नका. अपघाताच्या जवळपास प्रत्येक फिर्यादीत तो असतो. १९९८ मध्ये कर्नाटक सरकार विरुद्ध सतीश या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने स्पष्ट सांगितलंय की नुसतं ‘हाय स्पीड’ म्हटल्याने निष्काळजीपणा सिद्ध होत नाही, तो पुराव्याने दाखवावा लागतो. पहिल्या गिअरमध्ये वळणारी गाडी किती भरधाव असणार ते मॅजिस्ट्रेटला कळतं.

आणि मुलीला एकच सांगा, जे घडलं तेच सांगायचं, जेवढं पाहिलं तेवढंच, अंदाजाने काही जोडायचं नाही. माहीत नसेल तर माहीत नाही म्हणायचं.

सिडको_उत्तमनगर | सोमवार, सकाळी १०:२०

एवढी कशाला खटपट, पुढे तारीख लागली की गुन्हा कबूल करून टाकायचा, दंड भरायचा, एका दिवसात मोकळं. माझ्या मित्राने तसंच केलं, वकिलानेच सांगितलं होतं.

काळा_कोट | सोमवार, सकाळी १०:५५

दादा, हे फार चालतं आणि फार पोरांचं यात नुकसान होतं, म्हणून जरा कळकळीने लिहिते. कबूल करणं म्हणजे चलान भरणं नाही. ती दोषसिद्धी आहे, कोर्टाच्या रेकॉर्डवर ‘दोषी’ अशी नोंद. उद्या सरकारी नोकरीचा फॉर्म, पोलीस व्हेरिफिकेशन, परदेशी शिक्षणाचा व्हिसा, सगळीकडे रकाना असतो की कधी शिक्षा झाली आहे का. १९ वर्षांच्या मुलीने हजार-दोन हजार वाचवायला, खेटे वाचवायला, न केलेली गोष्ट आयुष्यभर त्या रकान्यात लिहीत बसायची? शिवाय नुकसानभरपाईचा दावा लागला की तीच कबुली तिथे पुढे केली जाते.

केलं असेल तर कबूल करावं, मी अडवणार नाही. पण इथे उजव्या फेंडरवर पुरावा पडलाय.

नवी_पाटी | सोमवार, सकाळी ११:३०

मी पण २० वर्षांची, द्वारकाला राहते, माझंही लायसन्स नवीनच. वाचून हातपाय गार पडले. बाबा म्हणतात आता गाडी शिकणंच बंद. एक विचारायचं होतं, नवीन ड्रायव्हर आहे म्हणून आपोआप चूक आपलीच धरतात का?

क्लच_ब्रेक | सोमवार, दुपारी १२:१५

नाही बेटा. लर्निंग असेल आणि शेजारी लायसन्सवाला माणूस नसेल तर तो नियमभंग. पक्कं लायसन्स मिळालं की रस्त्यावर तुझा हक्क वीस वर्षं चालवणाऱ्याइतकाच. गर्दी काय म्हणते त्याला कायद्यात जागा नाही.

पण मी शिकवणारा माणूस आहे, म्हणून दुसरी बाजू पण सांगणार, त्या भाचीलाही सांगा ताई, रागावू नका. डिव्हायडरच्या गॅपमधून वळताना नवीन मुलं फक्त जिकडून वाहनं येणार तिकडेच बघतात. मान डावीकडे, गाडी पुढे. आपल्या शहरात उजवीकडून पण कोणीतरी येणार असं धरूनच चालायला लागतं. त्यात गाडीचा उजवा खांब, काचेच्या कडेचा, तो एक अख्खी दुचाकी लपवतो. मी पोरांना सांगतो सीटवरून जरा पुढे वाका, खांबाच्या अलीकडून बघा, पलीकडून बघा, मग नाक बाहेर काढा, परत थांबा, परत दोन्हीकडे बघा. अंधारात राँग साइडवाला बरेचदा हेडलाइट पण डिम ठेवून येतो.

हे न करणं म्हणजे गुन्हा असं मी म्हणत नाहीये, ते वकील मॅडम सांगतील.

काळा_कोट | सोमवार, दुपारी १:०५

बरोबर मुद्दा आहे दादांचा. फौजदारी केसमध्ये ‘समोरचा राँग साइडने आला’ एवढ्यावर सुटका होत नसते, मुलीने स्वतः हयगय केली का तेवढंच बघतात. म्हणूनच थांबली होती, इंडिकेटर होता, वेग कमी होता, हे तिन्ही फुटेजमध्ये दिसणं गरजेचं. राँग साइडचं म्हणाल तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर उलट दिशेने वाहन चालवणं हे कलम १८४ मध्येच धोकादायक ड्रायव्हिंग म्हणून घातलंय. म्हणजे मुलीवर जे कलम लागलंय तेच खरं तर त्याला लागायला हवं. आणि भरपाईच्या दाव्यात त्याची चूक जेवढे टक्के ठरेल तेवढी रक्कम कमी होते.

अंबडकर | सोमवार, रात्री ९:४५

सगळं वाचलं. कामावरून आत्ता आलो म्हणून उशिरा लिहितोय.

राग येईल कदाचित पण मला लिहायचंच आहे. तुम्ही सगळे लायसन्स, पासपोर्ट, व्हिसा बोलताय. तो पोरगा कोण आहे, काय करतो, कोणी विचारलं का? माझ्या धाकट्या भावाला असंच उडवलं होतं पाथर्डी फाट्याला, तो पण कंपनीत कंत्राटी कामगार. कंत्राटी म्हणजे काय, कामावर गेला तर पैसे, घरी बसला तर शून्य. कॉलरबोन मोडलं म्हणजे सहा-आठ आठवडे हात वर होत नाही. गाडीवाल्यांनी पहिल्या दिवशी दवाखान्यात सोडलं आणि नंतर फोन उचलणं बंद केलं, कारण त्यांच्या वकिलाने सांगितलं होतं भेटू नका. आई रोज विचारायची ती माणसं येणार आहेत का. शेवटी आम्ही पण फिर्यादीत जे लिहायचं ते लिहिलं, पोलिसांनी जसं सांगितलं तसं.

राँग साइडने आला असेल तर चुकलाच तो. पण राँग साइडने येणारा प्रत्येक जण माजलेला नसतो, शिफ्टला उशीर झाला की अर्धा दिवस कापतात म्हणून पण लोक तसे येतात. त्याला जाऊन भेटा. माणूस म्हणून भेटा.

मखमलाबादकर | सोमवार, रात्री १०:३०

अंबडकर दादा, राग अजिबात नाही आला. उलट भाचीने स्वतःच आज दुपारी विचारलं, मावशी तो कसा आहे, आपण जायचं का. नातेवाईक म्हणतात गेलात तर चूक कबूल केल्यासारखं होईल, पैसे मागतील. तुमच्या भावाचं ऐकून फार वाईट वाटलं, आता कसा आहे तो?

काळा कोट ताई, भेटलेलं चालतं का हो?

अर्ज दिला, शिक्का घेतला. स्वीटवाल्या दादांनी कॅमेरा बघू दिला, दिसतंय सगळं, तो डिव्हायडरला लागून उलट्या बाजूनेच येताना दिसतोय आणि गाडी थांबलेली पण दिसतेय. बहिणीला तिथेच रडू फुटलं. पोलिसांना फोन करून सांगितलंय, उद्या येतो म्हणालेत.

अंबडकर | सोमवार, रात्री १०:४१

बरा आहे ताई. जातो कामाला. विचारलंत ते बरं वाटलं.

काळा_कोट | सोमवार, रात्री ११:२०

भेटा. जरूर भेटा. विचारपूस करणं हा गुन्हा नाही आणि कबुलीही नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४ मध्ये चालकावरच जबाबदारी टाकलीय की जखमीला दवाखान्यात पोचवायचं, पोलिसांना कळवायचं, विमा कंपनीला कळवायचं. तुमच्या बहिणीने पहिलं काम केलंय आणि ते तुमच्या बाजूने मोठं आहे, केस पेपरवर ‘कोणी आणलं’ या रकान्यात तिचं नाव असेल, त्याची कॉपी मागून ठेवा.

भेटताना दोन पथ्यं. काहीही लिहून द्यायचं नाही, ‘चूक आमची, आम्ही अमुक लाख देऊ’ असलं तर अजिबात नाही, कारण विमा पॉलिसीत अट असते की कंपनीच्या लेखी संमतीशिवाय कबुली, आश्वासन किंवा तडजोडीचं पेमेंट करायचं नाही. आणि फिर्याद बदल म्हणून त्याच्यावर दबाव आणायचा नाही, फुटेजची धमकी तर मुळीच नाही. ते काम पोलिसांचं.

औषधपाण्याला मदत करायची असेल तर दवाखान्याचं बिल थेट भरून पावती घ्या. पण त्याला एक माहिती नक्की द्या, बहुतेकांना कळतच नाही ही गोष्ट. मे २०२५ पासून केंद्राची कॅशलेस योजना आहे, रस्ते अपघातातल्या जखमीला ठरवून दिलेल्या हॉस्पिटलात अपघातापासून सात दिवसांपर्यंत दीड लाखापर्यंत उपचार. चूक कोणाची ते त्यात बघत नाहीत. आज पाचवा दिवस आहे, दवाखान्यात लगेच विचारायला लावा. बाकी बुडालेल्या पगाराचं वगैरे तो मोटार अपघात न्यायाधिकरणात मागू शकतो, अपघातापासून सहा महिन्यांच्या आत दावा लावावा लागतो, आणि ती रक्कम तुमच्या थर्ड पार्टी विम्यातून जाते, मुलीच्या खिशातून नाही. पॉलिसी चालू आहे ना?

मखमलाबादकर | मंगळवार, दुपारी ४:५०

पॉलिसी चालू आहे, कंपनीला कळवलं, सर्व्हेअर येणारे.

आज ठाण्यात जाऊन आलो. तपासी अंमलदार नीट बोलले. भाचीने सगळं सांगितलं, आवाज कापत होता पण सांगितलं. लायसन्सची झेरॉक्स दिली, स्टिकरचं पण सांगितलं. फुटेज त्यांनी पंचांसमोर घेतलंय. आरटीओचे इन्स्पेक्टर गाडी तपासून गेले, ब्रेक वगैरे ठीक लिहिलंय, मार उजव्या बाजूला असल्याची पण नोंद आहे. गाडी सोडायचं मात्र अजून होतंय-होतंय चाललंय.

येताना त्या मुलाकडे गेलो. सिडकोत एका खोलीत तिघं मित्र राहतात, गाव सुरगाण्याकडे. हाताला झोळी, एका हाताने चहा गाळत होता आमच्यासाठी, माझ्या बहिणीने त्याच्या हातातून गाळणं काढून घेतलं. भाची म्हणाली कसं वाटतंय, तो म्हणाला ताई तुम्ही पळून गेला नाहीत. मग स्वतःच म्हणाला की कट लांब पडतो म्हणून त्या बाजूने आलो होतो, ठाण्यात कोणीतरी म्हणालं सरळ येत होतो असं सांग नाहीतर काहीच मिळणार नाही. आम्ही त्यावर एक अक्षर बोललो नाही, काळा कोट ताईंनी सांगितलं होतं तसंच. कॅशलेसचं सांगितलं, त्याचा मित्र लगेच दवाखान्यात गेला विचारायला.

अंबडकर | मंगळवार, संध्याकाळी ६:१५

गेलात. बास. त्याला दाव्याच्या कागदांना मदत लागली तर माझा नंबर मेसेजमध्ये देतो, आम्ही सगळं करून बसलोय. पगाराच्या स्लिप नसल्या तरी कंत्राटदाराकडून हजेरीचं लिहून घ्यायला सांगा, तिथेच अडतं सगळं.

पंचवटी_काका | मंगळवार, संध्याकाळी ७:००

वकील मॅडम, तुमचं बरोबर होतं. मी आमच्या ग्रुपवर पण टाकलं हे, वडिलांचं नाव लावू नका म्हणून.

सिडको_उत्तमनगर | मंगळवार, रात्री ८:१०

आता केस मागे घेतली की संपलं ना सगळं?

काळा_कोट | मंगळवार, रात्री ९:३०

नाही, फिर्यादीच्या मर्जीवर मागे घेता येत नाही ही केस. १२५ जखमीच्या संमतीने आणि कोर्टाच्या परवानगीने मिटू शकतं. २८१ मिटत नाही, ते रद्द करायला हायकोर्टात जावं लागतं. पण इथे तिथवर जायची वेळ कदाचित येणार नाही. त्याने पुरवणी जबाब दिला, फुटेज तेच दाखवतंय, पंचनाम्याचा नकाशा जुळतोय, तर पोलीस दोषारोपपत्राऐवजी समरी रिपोर्ट, म्हणजे केस बंद करावी असा अहवाल, कोर्टात पाठवू शकतात. शेवटी मान्य करायचं की नाही ते मॅजिस्ट्रेट ठरवतात. दोषारोपपत्र गेलंच तरी आपल्याकडे लढायला सगळं आहे. आशा ठेवा पण वकील नेमून ठेवा.

गाडीसाठी, आरटीओची तपासणी झाली की गाडी चोवीस तासांत परत द्यायची असं मोटार वाहन कायद्याचं कलम १३६ सांगतं. उद्या लेखी अर्ज द्या, नाहीच दिली तर कोर्टातून सुपूर्दनाम्यावर (सांगाल तेव्हा गाडी हजर करू अशी लेखी हमी देऊन) सोडवून घेऊ, त्यात विशेष काही नाही.

मखमलाबादकर | शुक्रवार, दुपारी १:४०

गाडी मिळाली. त्याचा पुरवणी जबाब झाला, तो स्वतःहून गेला होता मित्राला घेऊन. कॅशलेसचं त्या दवाखान्यात नाही झालं, यादीत नव्हता, बिल आम्ही भरलं आणि पावती घेतली.

आता नवीनच. आरटीओकडून पत्र आलंय, लायसन्स निलंबित का करू नये याचा खुलासा करा म्हणून. भाची परत गप्प झालीय. हे काय आता?

काळा_कोट | शुक्रवार, दुपारी २:२५

हे अपघाताच्या गुन्ह्यात येतंच, पोलीस तसा प्रस्ताव पाठवतात. निलंबन झालेलं नाहीये, आधी म्हणणं ऐकून घ्यावंच लागतं म्हणून पत्र आहे. उत्तर मुदतीत आणि लेखी द्या. त्यात एफआयआर, लायसन्स, पंचनामा, मोटार इन्स्पेक्टरचा रिपोर्ट आणि त्याच्या पुरवणी जबाबाचा उल्लेख. सुनावणीला मुलीने स्वतः जायचं. जबाबाची कॉपी आत्ता मिळणार नाही, म्हणून ‘तपासी अंमलदारांकडून मागवून घ्यावी’ अशी विनंती उत्तरातच लिहा. मसुदा मला मेसेज करा, संध्याकाळी बघते.

क्लच_ब्रेक | शुक्रवार, दुपारी ३:००

आणि निकाल येईपर्यंत लायसन्स चालूच आहे हे तिला सांगा. गाडी घरी उभी ठेवू नका, हात बसलेला असतो तो जातो. मेरीच्या मागच्या रस्त्यावर सकाळी वाहतूक नसते, तिथे तिच्या आईला बसवून चालवू द्या. उजवा खांब आणि गॅपमधलं वळण मी शिकवतो, फी नको.

मखमलाबादकर | शुक्रवार, दुपारी ३:२०

काळा कोट ताई, मसुदा संध्याकाळपर्यंत पाठवते, भाचीलाच लिहायला बसवलंय. क्लच_ब्रेक दादा, तुम्हाला मेसेज केलाय, ती रविवारी यायला तयार आहे.